एकच स्पीकर

[पुणे. जुना बाजार, मंगळवार पेठ. रविवार, सकाळचे नऊ. ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, बंद घड्याळं, चार्जरच्या वायरी. मधेच रेकॉर्डचा एक गठ्ठा.]

जुन्या बाजारात रेकॉर्ड शोधायच्या तर उकिडवं बसावं लागतं. गठ्ठ्यात वर भजनं असतात. त्याखाली हिंदी सिनेमे, कव्हरं फाटलेली. इंग्रजी रेकॉर्ड अगदी तळाशी, ओल लागून एकमेकींना चिकटलेल्या. काका गेली चाळीस वर्षं दर रविवारी इथे असे उकिडवे बसत आलेत. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून पिशवीतून छोटं स्टूल आणतात. बँकेतून निवृत्त झालेत, राहायला कर्वेनगरात. माझे सख्खे काका नव्हेत, आमच्या कॉलनीत सगळेच त्यांना काका म्हणतात.

आज त्यांना एक मिळालीय. कव्हरवर पेटलेलं प्रचंड हवाई जहाज, गॅसनं भरलेलं. लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडची पहिली रेकॉर्ड, 1969. काकांकडे ही आधीच आहे, दोनदा आहे. तरी रुमालानं पुसून त्यांनी ती उन्हात धरली, तिरकी करून ओरखडे पाहिले, आणि भाव विचारायच्या आधी माझ्याकडे वळून म्हणाले, "या रेकॉर्डला त्या माणसानं काय म्हटलं होतं, माहितीये ना तुला?"

माहितीये. कॉलनीतल्या प्रत्येकाला माहितीये.

[काकांचं घर. लोखंडी कपाट. प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून पिवळं पडलेलं कात्रण बाहेर येतं.]

तो माणूस म्हणजे जॉन मेंडलसन. मार्च 1969 मध्ये 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकात त्यानं या रेकॉर्डचं परीक्षण लिहिलं. बँडचा गिटारवाला जिमी पेज गिटार छान वाजवतो हे मान्य केलं, पण निर्माता म्हणून त्याची झेप तोकडी आणि त्यानं रचलेली गाणी कमकुवत, कल्पनाशून्य, असा एकंदर निकाल. त्या अंकाचं हे पान काकांना कॅम्पातल्या एका रद्दीच्या दुकानात मिळालं. तेव्हा अंक दहा वर्षांचा जुना होता आणि काकांना ती गाणी तोंडपाठ होती. एखाद्याच्या लग्नाला दहा वर्षं झाल्यावर कुणी पत्रिका जुळत नाही म्हणून कळवावं, तसा प्रकार.

काकांनी ते पान फाडून जपून ठेवलं. एवढा राग आहे तर जपलं कशाला, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. फोल्डरला चेन लावली.

राग एकट्या काकांचा नाही. पुण्यात रॉक ऐकणाऱ्यांच्या दोन पिढ्या तरी मला भेटल्यात. कॅम्पातले, डेक्कनवरचे, वसतिगृहांमध्ये राहून गेलेले, आणि 2010 साली कोरेगाव पार्कात वीकेंडर या संगीत महोत्सवाचा पहिला जलसा झाला तेव्हा चिखलात उभे राहिलेले. कुणालाही विचारा, एखाद्या परीक्षणाचं जुनं शल्य निघतंच. निर्व्हाना या बँडच्या 1991 च्या रेकॉर्डला पाचपैकी तीन तारे मिळाले होते, ते माझ्या वयाच्या लोकांचं शल्य. गंमत म्हणजे त्याच मासिकानं 2003 साली आजवरच्या सर्वोत्तम पाचशे रेकॉर्डांची यादी छापली, तेव्हा तीन ताऱ्यांवाली ही रेकॉर्ड सतराव्या क्रमांकावर होती. आणि काकांची हवाई जहाजवाली एकोणतिसाव्या. "चूक झाली, एवढे दोन शब्द छापायचे होते," काका म्हणतात. पुणेकर माणसाला पैसे परत मिळून भागत नाही. चूक झाल्याचं लेखी हवं असतं.

खुद्द झेपलिनवाल्यांनी या सगळ्यावर काय केलं, ते फार मजेदार आहे. त्यांच्यामागे नुसता गाजावाजा आहे, असं टीकाकार म्हणत राहिले. मग 1971 मध्ये चौथी रेकॉर्ड आली तिच्या कव्हरवर ना रेकॉर्डचं नाव, ना बँडचं. आता वाद्यं ऐकून ठरवा, असा तो हिशेब. अमेरिकेत एकट्या त्या रेकॉर्डच्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. पण पुण्यातल्या गिऱ्हाइकाची पंचाईत झाली. नावच नसलेली रेकॉर्ड दुकानात मागायची कशी? कव्हरवर पाठीवर काटक्या वाहणारा एक वाकलेला म्हातारा आहे. काकांच्या कंपूत तिचं नाव पडलं मोळीवाला. "मोळीवाला भरून दे," असं कॅसेटवाल्याला सांगायचं. तो भरून द्यायचा.

[कॅसेटचा क्लोजअप. नव्वद मिनिटांची. पाठीवर बॉलपेननं लिहिलेली नावं, एक खोडलेलं.]

हे भरून देणं समजल्याशिवाय हा राग समजायचा नाही. रेकॉर्ड विकत घेणं ऐपतीबाहेरचं होतं. मग कोरी कॅसेट घेऊन जायचं, दुकानदार त्याच्याजवळच्या रेकॉर्डवरून उतरवून द्यायचा. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस, साधारण एक अख्खी रेकॉर्ड. म्हणजे एका कॅसेटवर दोन. एक आपल्या आवडीची, आणि दुसरी दुकानदारानं "हीपण ऐक" म्हणून भरलेली. ती बहुतेक आवडायची नाही. पण टेप चालायचा सेलवर, आणि रिवाइंडला सेल फार खायचा. तेव्हा आवडती बाजू संपली की कॅसेट उलटायची आणि नावडती संपेपर्यंत ऐकायची, म्हणजे आवडती पुन्हा सुरुवातीला यायची. पेन घालून हातानं फिरवता यायचं, पण रोज कोण फिरवणार?

असं महिनाभर चालायचं. महिन्याच्या शेवटी नावडती आवडायला लागलेली असायची. काकांनी मला अशा अकरा रेकॉर्ड मोजून दाखवल्या.

आता तिकडचा समीक्षक बघा. त्याच्या टेबलावर कंपन्यांकडून फुकट आलेला ढीग. अंक छपाईला जायची तारीख डोक्यावर. रॉबर्ट क्रिस्टगाउ 1969 पासून न्यूयॉर्कच्या एका साप्ताहिकात रेकॉर्डांना चक्क ए, बी, सी असे शेरे देत होता, चार-पाच ओळी आणि शेरा, की पुढची रेकॉर्ड. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांवर किती चिडायचं? आपण मात्र तो एकच पेपर महिनाभर उशाशी घेऊन झोपलेले. ढीग असलेल्याला जे दुसऱ्यांदा ऐकायला वेळ नाही, तेच आपल्याकडे दुसरं काही नाही म्हणून साठाव्यांदा वाजतं.

[भोसरी एमआयडीसी. प्रेसशॉप. यंत्राचा एकसुरी दणका. संवाद ऐकू येत नाही.]

हे दादा. एका लहान कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर सुपरवायझर आहेत. मूळचे जुन्नरकडचे. इंग्रजी गाण्यातलं अक्षर कळत नाही असं स्वतःच सांगतात. यांच्या फोनवर बाकी काही सापडेल न सापडेल, ब्लॅक सॅबथ हा बँड सापडतो.

ब्लॅक सॅबथची पहिली रेकॉर्ड फेब्रुवारी 1970 मधली. सगळी मिळून साधारण एका दिवसात ध्वनिमुद्रित केलेली. लेस्टर बँग्ज या समीक्षकानं लिहिलं की हे क्रीम या बँडसारखंच आहे, पण त्याहून वाईट. बँग्ज तेव्हा कॅलिफोर्नियातला विशीतला पोरगा. ही चार पोरं बर्मिंगहॅमची, कारखान्यांच्या गावातली. गिटारवाला टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात हात सापडला, उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. वय सतरा. आणि गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

दादांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "कुठली प्रेस?" पहिला प्रश्न हा.

कुठली ते मला सांगता आलं नाही. पुढचं सांगितलं. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांवर बसतील अशा टोप्या केल्या, वर कातडं चिकटवलं. नेहमीच्या जाड तारा त्या बोटांना दाबवेनात, म्हणून हलक्या तारा चढवल्या. पुढे सूरही खाली उतरवून घेतला, तारा सैल पडाव्यात म्हणून. जो जडपणा लोकांना बोजड वाटला, त्यातला काही या बोटांतून आलाय.

दादा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी शॉपकडे बोट केलं. "हा ठोका ऐकताय ना? आम्ही बारा तास ऐकतो. घरी गेल्यावर कानात राहतो. त्या गाण्यात तोच ठोका हाये, पण त्याला चाल लावलीये." सॅबथवर मी इंग्रजीत पुष्कळ वाचलंय. त्या ढिगापेक्षा मला हे वाक्य पटलं.

बँग्जला मात्र मी आरोपीच्या पिंजऱ्यात ठेवणार नाही. या माणसाचं मासिकात छापून आलेलं पहिलंच परीक्षण एमसी-फाइव्ह या बँडची चिरफाड करणारं होतं, आणि थोड्याच काळात तो त्याच बँडच्या प्रेमात पडला. सॅबथवरही 1972 मध्ये त्यानं दुसऱ्या मासिकात दोन भागांचा लांबलचक लेख लिहिला, बाजू घेऊन. आपलं मत बदललं हे लोकांसमोर लिहायचं म्हणजे छाती लागते. आमच्याकडे मिसळीबद्दलचं मत बदललं तरी माणूस ते घरच्यांपासून लपवतो.

[पाचगणीचा घाट. एसटीच्या काचेतून.]

थोडं आडवळण. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर पाचगणी. इथल्या सेंट पीटर्स शाळेत फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा वसतिगृहात राहायचा. शाळेतल्या पोरांचा बँड होता, द हेक्टिक्स, त्यात तो पियानो वाजवायचा. हाच पुढे क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी. त्याच्या बँडला डेव्ह मार्श या समीक्षकानं 1979 साली बहुधा पहिला खराखुरा फॅसिस्ट रॉक बँड ठरवलं. त्यांचं 'वी विल रॉक यू' हे टाळ्यांच्या ठेक्यावरचं गाणं त्याला संचलनाचा हुकूम वाटलं. गणपतीत अलका टॉकीजच्या चौकात ढोलपथकासमोर त्याला उभा करायला हवा होता, असं मला कायम वाटतं. त्यानं काय लिहिलं असतं, देव जाणे.

[पुन्हा काकांचं घर. संध्याकाळ.]

तशी सणसणीत परीक्षणाची आम्हाला काही नवलाई नाही. केशवराव भोळे 'एकलव्य' या नावानं भल्याभल्या गवयांची झाडाझडती घेत, आणि लोक ती चवीनं वाचत. डिसेंबरात सवाई संपला की दुसऱ्या दिवशी आधी पेपरातलं परीक्षण बघायचं आणि मग त्या लेखकाला शिव्या घालायच्या, ही इथली रीत. स्वतः काका नव्या पोरांची गाणी ऐकून जे बोलतात, ते मी या चित्रफितीत घेतलेलं नाही. पोरं आमच्याच कॉलनीतली आहेत.

म्हणून मी काकांना एक गोष्ट सांगायची बरेच दिवस टाळत होतो. शेवटी सांगितली.

1967 च्या जूनमध्ये बीटल्सची सार्जंट पेपर आली. जगभर कौतुक चाललेलं, आणि न्यूयॉर्क टाइम्समध्ये रिचर्ड गोल्डस्टीन या विशीतल्या मुलानं ती झोडपली. नुसता चकचकाट, आत काही नाही, असा सूर. फक्त शेवटच्या गाण्याचं कौतुक केलं. वाचकांनी त्याला सोडलं नाही. आणि पुढे त्यानं स्वतःच सांगितलं की त्याच्या स्टिरिओचा एक स्पीकर बिघडलेला होता.

काका आधी हसले. मग उसळले. "म्हणजे? मामांनी दुबईहून आणलेल्या टेपला होताच एक स्पीकर! आम्हाला कसं कळलं मग?"

इथं मला गोल्डस्टीनची वकिली करावी लागली. काका, तुमचा टेप मोनो. त्यात दोन्ही बाजू एकत्र होऊन एकाच स्पीकरमधून येतात, काही गळत नाही. स्टिरिओचं तसं नाही. त्या काळी गाणारा एका बाजूला, वाद्यं दुसऱ्या बाजूला अशी विभागणी सर्रास करत. एक स्पीकर गेला की तेवढं गाणं गेलं. तुम्ही गरिबीत पूर्ण ऐकलंत, त्यानं श्रीमंतीत अर्धं.

पटलं नाही. काका उठले. कपाटातून सार्जंट पेपर काढली, कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात छापलेली भारतीय प्रत. प्लेअरचं झाकण उघडलं, सुईवरची धूळ फुंकली, आणि मग अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे हात घालून उजव्या स्पीकरची वायर उपटली.

"शेवटचं गाणं. त्याला आवडलेलं. बघू."

[सुई टेकते. खरखर.]

डाव्या स्पीकरमधून गिटार येते. गाणारा, म्हणजे बीटल्समधला जॉन लेनन, येत नाही. येतो, पण भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणी गात असावं तसा. काका मान पुढे करून ऐकतात. काकू स्वयंपाकघरातून विचारतात, "बिघडला का हो?" काका हातानंच थांब म्हणतात.

या गाण्यात लेननचा आवाज उजवीकडून सुरू होतो आणि कडव्यागणिक सरकत सरकत डावीकडे येतो. काकांनी हे गाणं किती वेळा ऐकलं असेल, याचा हिशेब नाही. हे सरकणं त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं. आधी आवाज दारात आला. मग खोलीत. मग समोर.

मी वायर उचलून पुन्हा जोडायला गेलो.

"अरे, हात लावू नकोस," काका म्हणाले. "गाणं संपू दे."