लुओयांग : लाकूड जळाले, दगड आणि खड्डे उरले

नमस्कार. चीनची प्राचीन राजधानी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना बीजिंगचा राजवाडा किंवा शीआनजवळची मातीच्या सैनिकांची फौज आठवते. आज मात्र आपण अशा एका शहराविषयी बोलणार आहोत, ज्याला चिनी लोक अभिमानाने तेरा राजवंशांची राजधानी म्हणतात, आणि जिथे त्या राजवंशांपैकी एकाचाही राजवाडा आज उभा नाही. हे शहर म्हणजे हनान प्रांतातील लुओयांग.

[पडद्यावर नकाशा : ह्वांग हो, लुओ आणि यी या नद्या]

ह्वांग हो नदीला मिळणाऱ्या लुओ नदीच्या काठी हे शहर वसले आहे. चिनी भाषेत 'यांग' म्हणजे उन्हाची बाजू आणि नदीच्या संदर्भात तिचा उत्तर काठ. त्यामुळे लुओयांग या नावाचा साधा अर्थ 'लुओच्या उत्तर काठचे' एवढाच होतो. इ.स.पू. 770 मध्ये चौ राजांनी आपली राजधानी पूर्वेकडे, या परिसरात आणली. पुढे इ.स. 25 मध्ये हान वंशाने, 493 च्या सुमारास उत्तर वेई वंशाने आणि 605 मध्ये सुई वंशाने इथे आपापली राजधानी उभारली. प्रत्येकाची जागा थोडी वेगळी होती, त्यामुळे आज आपण ज्याला लुओयांग म्हणतो तो प्रत्यक्षात नदीकाठाने पसरलेल्या अनेक शहरांचा समूह आहे.

मग ही शहरे गेली कुठे? याचे उत्तर बांधकामाच्या साहित्यात आहे. भिंती आणि चौथरे माती थरांमध्ये कुटून केलेले असत आणि त्यांच्यावरचे सगळे लाकडी असे. इ.स. 190 मध्ये तोंग चो या सेनापतीने माघार घेताना हान राजधानी जाळली, 311 मध्ये ती पुन्हा लुटली गेली, आठव्या शतकात आन लुशान या सेनापतीच्या बंडाने थांग वंशाच्या काळातील शहराची दुर्दशा केली. लाकूड जळाले आणि कुटलेल्या मातीवर शेते आली.

या नाशाचे सर्वांत चटका लावणारे उदाहरण म्हणजे योंगनिंग मठाचा मनोरा. उत्तर वेई वंशातील राजमाता हू हिने 516 मध्ये तो नऊमजली लाकडी मनोरा उभारायला घेतला. त्याची उंची शंभर मीटरहून जास्त असावी, असा आजच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. अवघ्या काही वर्षांतच, म्हणजे 534 मध्ये, तो आगीत भस्मसात झाला. त्यानंतर तेरा वर्षांनी यांग श्वानची नावाचा अधिकारी उजाड झालेल्या राजधानीतून गेला आणि तिथल्या मठांची आठवण पुसली जाऊ नये म्हणून त्याने एक ग्रंथ लिहिला. भरभराटीच्या काळात शहरात 1,367 मठ आणि मंदिरे होती, अशी नोंद त्याने केली आहे. मनोऱ्याचा चौथरा उत्खननात सापडला आहे.

लुओयांगचा वारसा समजून घ्यायचा असेल तर आधी एक अवजार पाहावे लागते. लांब दांड्याच्या टोकाला अर्ध्या नळीच्या आकाराचे पाते, एवढीच त्याची रचना. ते जमिनीत ठोकून वर ओढले की पात्यात मातीचा अखंड दंडगोल येतो आणि त्याच्या रंगावरून व घट्टपणावरून खाली कबर आहे, भिंत आहे की नुसतेच शेत आहे, हे जाणकाराला कळते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे अवजार तयार केले ते शहराच्या उत्तरेकडील मांगशान टेकड्यांवरच्या कबरी फोडणाऱ्या चोरांनी. जन्म सूचौ-हांगचौला घ्यावा आणि दफन मांगवर व्हावे, अशी चिनी म्हणच आहे. त्यामुळे चोरांना तिथे कामाची कमतरता नव्हती. गंमत अशी की आज चीनमधील पुरातत्त्वज्ञ हेच 'लुओयांग फावडे' रोजच्या कामात वापरतात.

अशाच शोधातून हानजिया धान्यकोठार उजेडात आले. आपल्याकडे जुन्या वाड्यांत धान्यासाठी पेव असे, तशीच ही पेवे आहेत, फक्त त्यांचा आकार राजधानीला शोभणारा आहे. अशी 287 पेवे आतापर्यंत ओळखली गेली आहेत आणि त्यांतील मोठ्या पेवांची खोली 10 मीटरहून अधिक आहे. खड्डा आधी आगीने शेकून कोरडा करत, मग त्यात राख, फळ्या, चटया आणि कोंडा यांचे थर देत. प्रत्येक पेवात कोरलेली वीट ठेवत. धान्य कुठून आले, किती आले, कोणत्या तारखेला भरले आणि जबाबदार अधिकारी कोण, हे सगळे त्या विटेवर असे. 160 क्रमांकाच्या पेवात तर काळे पडलेले धान्यही सापडले. सुई काळात खोदलेल्या महाकालव्यातून दक्षिणेचे धान्य राजधानीपर्यंत कसे येत होते, हे राजवाड्याच्या कोणत्याही अवशेषापेक्षा ही पेवे अधिक स्पष्टपणे सांगतात, असे मला वाटते.

[दृश्य : यी नदीच्या दोन्ही तीरांवरील कडे]

लाकूड आणि माती गेली तरी दगड टिकला. शहराच्या दक्षिणेला सुमारे 12 किलोमीटरवर यी नदी दोन टेकड्यांच्या मधून वाहते. तिथल्या चुनखडीच्या कड्यांमध्ये 2,300 हून अधिक लेणी आणि कोनाडे, एक लाखाच्या आसपास मूर्ती आणि सुमारे 2,800 शिलालेख आहेत. ही लाँगमेन लेणी 2000 साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. इथले काम सुरू झाले ते 493 च्या सुमारास, म्हणजे अजिंठ्याचे वाकाटककालीन पर्व संपून फार वर्षे झाली नव्हती तेव्हा. मात्र अजिंठ्याच्या विहारांत भिक्षू राहत होते. लाँगमेनची लेणी राहण्यासाठी नाहीत, ती दात्यांनी पुण्यासाठी कोरवून घेतलेली देवघरे आहेत. कठीण चुनखडीत अक्षर सुबक उमटते, म्हणून इथले शिलालेख चिनी सुलेखनाचे विद्यार्थी आजही गिरवतात. त्यांत सम्राट आहेत तसे सामान्य लोकही आहेत, आणि सात पिढ्यांच्या आईवडिलांना पुण्य लाभावे, ही मागणी त्यांत वारंवार येते. कार्ले किंवा कान्हेरी येथे धेनुकाकट, कल्याण, सोपारा अशा गावांच्या दात्यांची नावे वाचलेल्या मराठी माणसाला ही भाषा परकी वाटणार नाही.

लाँगमेनमधील बिनयांगच्या तीन लेण्यांपैकी दोन एका सम्राटाने आपल्या आईवडिलांसाठी खोदायला घेतली. 500 ते 523 या काळात तिन्ही लेण्यांसाठी 8,02,366 मनुष्यदिवसांचे श्रम लागल्याची नोंद राजवंशाच्या इतिहासात आहे, आणि एवढे होऊनही त्या काळात मधले एकच लेणे पूर्ण झाले. त्या लेण्यात सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकीचे दोन शिल्पपट होते. 1930 च्या दशकात ते तुकड्यातुकड्यांनी फोडून विकले गेले. आज सम्राटाचा पट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि सम्राज्ञीचा कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात आहे. लेण्यात उरले आहेत ते छिन्नीचे घाव.

लाँगमेनचे मुख्य शिल्प म्हणजे 675 मध्ये पूर्ण झालेला 17.14 मीटर उंचीचा वैरोचन बुद्ध. त्यासाठी सम्राज्ञी वू झेतियान हिने आपल्या शृंगारखर्चातून नाण्यांच्या 20,000 माळा दिल्याचे तिथला शिलालेख सांगतो. हीच वू पुढे 690 मध्ये स्वतः सम्राटपदावर बसली आणि तिने लुओयांगला 'देवनगरी' असे नाव दिले. मूर्तीचा चेहरा तिचाच आहे, असे मार्गदर्शक हमखास सांगतात. शिलालेखात देणगीचा उल्लेख आहे, चेहऱ्याचा नाही, हे लक्षात ठेवलेले बरे. तिच्या राजवाड्यातील दोन भव्य इमारती अलीकडे नव्याने बांधल्या आहेत. जुना चौथरा आत जपला आहे हे चांगलेच. पण वरचा पोलादी डोलारा पाहून, जुन्या धाटणीची रेशमी वस्त्रे भाड्याने घेऊन फोटो काढणाऱ्या तरुणांना आपण थांग काळात उभे आहोत असे वाटत असेल, तर त्यात त्यांचा दोष नाही.

आता भारताशी असलेल्या नात्याकडे वळतो. परंपरा सांगते की हान सम्राट मिंग याला स्वप्नात सोनेरी पुरुष दिसला, त्याचे दूत पश्चिमेकडे गेले आणि काश्यप मातंग व धर्मरत्न हे दोन भिक्षू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून लुओयांगला आले. त्यांच्यासाठी इ.स. 68 मध्ये श्वेताश्व मंदिर बांधले गेले. इतिहासकार या कथेला दंतकथा मानतात, कारण 65 सालच्या एका राजाज्ञेतच चीनमधील भिक्षूंचा उल्लेख येतो. दोघांच्या समाध्या मात्र मंदिराच्या आवारात दाखवल्या जातात. त्याच मंदिराच्या परिसरात भारताने सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवर उभारलेल्या बुद्धमंदिराचे लोकार्पण मे 2010 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले.

त्याहून जवळचा धागा ह्युएन त्सांगचा आहे. त्याचा जन्म लुओयांगजवळचा आणि दीक्षाही लुओयांगचीच. 641 च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. इथले लोक उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, हर्षालाही इथला राजा पुलकेशी जिंकता आला नाही, आणि एका डोंगरातील मठाच्या दाराशी दगडी हत्ती आहेत, असे त्याने लिहिले; तो मठ अजिंठा असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 645 मध्ये तो परतला तेव्हा सम्राट थायझोंगचा मुक्काम लुओयांगला होता. त्या भेटीत सम्राटाने त्याला पश्चिमेकडील देशांचा वृत्तांत लिहून काढण्यास सांगितले. पुलकेशीच्या महाराष्ट्राचे जे वर्णन आपण शाळेत वाचतो, त्यामागे लुओयांगमध्ये दिली गेलेली ही आज्ञा आहे.

जाण्याचा विचार असेल तर दोन गोष्टी सांगतो. एप्रिलमध्ये शहरात पिओनी फुलांचा उत्सव असतो. फुले सुंदर, गर्दी अफाट. आणि वैरोचन बुद्ध पूर्वाभिमुख आहे, म्हणून लाँगमेनला सकाळीच जावे. पश्चिम कडा जवळून पाहून झाला की पूल ओलांडून पूर्व तीरावर या. तिथे कवी बाय जुयीची समाधी आहे, आणि नदीपलीकडचा लेण्यांनी पोखरलेला अख्खा कडा तिथूनच एका नजरेत मावतो.