बटण दाबायच्या आधी

(आमच्या पेठेतल्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन.)

बसा, बसा. मागं पंख्याखाली जागा आहे. पाऊण तास दिलाय मला, त्यातली दहा मिनिटं सत्कारात गेली. नारळ मिळाला, आभारी आहे. पत्रिकेवर विषय छापलाय, 'जुना संगणक पुन्हा चालू करण्याचे चार टप्पे'. चारही सांगणार आहे, काळजी नको. पण आधी एक तक्रार.

तक्रार आपल्या कोल्हापूरकरांच्या बोटाबद्दल आहे. यंत्र दिसलं की आपलं बोट बटणावर. 'लावून तर बघू!' उद्यमनगरच्या खडखडाटात वाढलेली माणसं आपण. इंजिन बंद पडलं की हँडल मारून बघायचं, हे बाळकडू. बाबूराव पेंटरांनी ज्या गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावाला यंत्राचं भ्या कसलं? इंजिनाला हे चालून जातं. वीस-तीस वर्षं माळ्यावर पडलेल्या संगणकाला चालत नाही. आणि हे मी पुस्तक वाचून सांगत नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर. आमच्या ओळखीचे एक भंगारवाले मामा आहेत, त्यांचा फोन आला. "मास्तर, टाइपरायटर आलाय. पर कागद घालायची जागाच गावंना." जाऊन बघतो तर पत्र्याच्या डब्यांखाली बीबीसी मायक्रो! किलोच्या भावानं घेतला. मामांना वाटलं आपण मास्तरला गंडवलं, मला वाटलं मी मामांना गंडवलं. व्यवहार असावा तर असा.

तरुण मंडळींसाठी सांगतो. बीबीसी म्हणजे बातम्यांचीच बीबीसी. लोकांना संगणक शिकवायचा म्हणून त्यांनी कार्यक्रम काढला आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं १९८१ मध्ये हे मशीन आणलं. ३२ किलोबाइट मेमरी. मेगा नव्हे, किलो. आज तुम्ही सकाळी पाठवता ना, गुलाबाचं फूल आणि सुविचार, तो ह्यात मावायचा नाही. १९८४ च्या सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून ही मशीनं आपल्या शाळांत आली. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, आठवतंय का कुणाला? देवळात चपला चोरीला जायच्या, शाळेत तेवढं भ्या नव्हतं. आणि ज्यांना हे डबडं वाटतंय त्यांनी खिशातला मोबाइल चाचपावा. त्यातला प्रोसेसर बहुधा एआरएम घराण्यातला असणार. ते घराणं ह्याच एकॉर्नचं. १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप आली, ती बीबीसी मायक्रोलाच जोडून चालवली होती. म्हणजे टेबलावर फडक्याखाली जे आहे, ते तुमच्या मोबाइलचं आजोळ.

तर घरी आणला. किती मळ म्हणता! वरच्या ओळीतली दहा बटणं लाल असतात, मला एकही लाल दिसेना. पुसलासुद्धा नाही. टीव्हीला जोडला आणि दिलं बटण दाबून. आधी जाड आवाज, मग बारीक 'बीप', आणि पडद्यावर अक्षरं! मी ओरडलो, "आई, चालू झाला!" आई पाटावर करंज्या लाटत होती. ती यायच्या आत डाव्या बाजूनं फट्ट आवाज आणि जाळ्यांतून पांढरा-तपकिरी धूर. असला वास की डोळ्यांत पाणी. आई दारात उभी. म्हणाली, "घरात फटाके कुणी लावले?" आणि गंमत बघा, एवढ्या धुरातही पडद्यावर अक्षरं तशीच, कर्सर लुकलुकतोय. घर पेटलं तरी वर्ग सोडायचा नाही, असला विद्यार्थी.

झालं काय होतं? पॉवर सप्लायमध्ये विजेचा गोंगाट गाळायला कागदी कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारके भाग, असतात. वरचं कवच वर्षांनुवर्षांत तडकतं, कागद दमट हवा पितो. आपल्याकडं चार महिने पाऊस, त्याला प्यायला काय कमी? अशात २३० व्होल्ट दिले की तो फुटतो. तो मेन लाइनवर आडवा बसलेला असतो, म्हणून तो जळला तरी मशीन चालत राहतं. दहा मिनिटं उघडून बघितलं असतं तर तडे डोळ्यांना दिसले असते. तेवढाही दम निघाला नाही मला.

करंज्यांना वास लागला. तो विषय दर दिवाळीला निघतो.

मग उघडला. मागं दोन आणि खाली दोन पेच, शेजारी चक्क 'फिक्स' असं छापलंय. आत झुरळांच्या अंड्यांची टरफलं, अर्धी पेन्सिल आणि चिपांच्या रांगांमधून पांढरी भुकटी. बोटावर घेतली तर खडू! म्हणजे हा फळ्याजवळ बसायचा. माझा मुद्दा एवढाच आहे मंडळी, की मळ आधी वाचायचा, मग धुवायचा. गुळाच्या अडतीवरचा एक कीबोर्ड माझ्याकडं आलाय, त्यात मुंग्यांची वसाहत होती. २०१९ च्या पुरातल्या एका कॅबिनेटवर गाळाची रेघ होती, पाणी कुठवर चढलं ते बोर्डावर वाचता येत होतं. रेघेखालचं आणि वरचं काम वेगळं. भाचा म्हणाला, "मामा, वॉशिंग सेंटरला नेऊया, प्रेशर मारू." म्हटलं, ती म्हैस नव्हे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

पहिला टप्पा, वायर काढून ठेवा आणि उघडा. पॉवर सप्लायच्या डब्यात लगेच बोट घालू नका, वायर काढल्यावरही आत वीज साठून राहते. दुसरा, फोटो काढा, कोरड्या ब्रशनं झाडा, बटणांच्या टोप्या साबणाच्या कोमट पाण्यात, बोर्डाला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ टूथब्रश. पूर्ण वाळू द्या. तिसरा, ते कागदी कपॅसिटर काढून नवे एक्स-टू, म्हणजे मेन लाइनवर बसवायच्या दर्जाचे, प्लॅस्टिक फिल्मचे घाला, आणि सॉकेटातल्या चिपा अलगद उपसून पुन्हा बसवा. चौथा, आता बटण. नुसताच जाड आवाज येत राहिला आणि बीप आला नाही, तर प्रोसेसर कामाला लागलेला नाही. माझ्याकडं तसंच झालं. दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी कळलं की बसवताना एका चिपचा पाय पोटाखाली दुमडला होता. मीच दुमडलेला.

घरी जुना ३८६ पीसी असेल तर मदरबोर्डवरची बॅटरी आजच काढा. ती गळते आणि तांब्याच्या रेघा खाते. गळालेलं अल्कली असतं, म्हणून सोडा नको, पांढरं व्हिनेगर लावा, मग पाणी, मग अल्कोहोल. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइड लावून गच्चीवर उन्हात ठेवतात, पण मी हा पिवळाच ठेवलाय.

फडकं काढतो. पुढं येऊन बघा, हात लावला तरी चालेल. ही डबीही फिरवतो, त्यातली खडूची भुकटी आहे. वास घेऊ नका, टरफलंही त्यातच आहेत. आणि अध्यक्षसाहेब, तो नारळ जरा धरा, मला प्लग शोधायचाय.