मणक्यातला स्क्रू आणि पडद्यावरचा स्क्रू

श्रोतेहो, नमस्कार. पाठीच्या कण्यात स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाचे नातेवाईक हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टर, स्क्रू कॉम्प्युटरने बसवणार ना?" प्रश्न रास्तच आहे. मात्र कॉम्प्युटर हाड बघतो आणि बघून स्क्रू नेमका त्यात नेऊन बसवतो, अशी एक समजूत त्यामागे असते. खरे तर शस्त्रक्रिया चालू असताना तो हाड बघतच नाही. मग तो काय बघतो आणि त्याच्या अचूकतेचे आकडे कसे वाचायचे, याविषयी आज मी बोलणार आहे.

मणक्याचा पुढचा भरीव भाग आणि मागची कमान यांना डावीकडून व उजवीकडून जोडणारे हाडाचे दोन आखूड खांब असतात. त्यांना पेडिकल म्हणतात. मणका मोडला, सरकला किंवा कणा वाकडा झाला, तर मागच्या बाजूने या खांबांतून स्क्रू पुढच्या भागापर्यंत नेतात आणि वरच्या-खालच्या मणक्यांतले स्क्रू सळईने एकमेकांशी जोडतात. अडचण आहे ती शेजाऱ्यांची. पेडिकलच्या आतल्या अंगाला मज्जारज्जूची पोकळी असते, खालच्या कडेला लागून नस बाहेर पडते आणि छातीच्या भागात मणक्यांच्या पुढे, डावीकडे महाधमनी असते.

त्यातून सगळे पेडिकल सारखे नसतात. प्रौढ माणसाच्या कमरेतला पाचवा मणका ऐसपैस असतो. छातीच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचा पेडिकल मात्र पुष्कळदा अवघा ४ ते ५ मिलिमीटर रुंद भरतो आणि त्यात घालायचा स्क्रूही जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो. चुकीला कुठे किती वाव आहे, याचे गणित २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेले आहे. कमरेच्या पाचव्या मणक्यात स्क्रू जास्तीत जास्त ३.८ मिलिमीटर सरकला किंवा १२.७ अंशांनी कलला तरी निभावते; छातीच्या पाचव्या मणक्यात हे दोन्ही आकडे शून्य निघाले. तेव्हा "यंत्र एका मिलिमीटरपर्यंत अचूक आहे" असे कोणी सांगितले, तर कुठल्या मणक्यासाठी, हे आधी विचारावे.

यंत्र नसते तेव्हा हे काम हाताच्या अंदाजाने आणि एक्स-रेच्या मदतीने होते. हाडावरच्या खुणा ओळखून सुरुवातीची जागा ठरवतात, बोथट टोचणीने पेडिकलमधल्या मऊ हाडातून वाट काढतात आणि टोकाला बारीक गोळी असलेली सळई त्या भोकात घालून चारही भिंती व तळ चाचपतात. भिंत फुटलेली असेल तर गोळी तिथे खरखरीत हाडावर न घासता मऊ जागी घसरते, आणि सरावलेल्या बोटांना ते कळते.

नेव्हिगेशनची, म्हणजे कॉम्प्युटरने पडद्यावर वाट दाखवण्याची, रीत वेगळी. एका मणक्याच्या मागच्या टोकाला किंवा कंबरेच्या हाडाला एक छोटी चौकट घट्ट बसवतात. तिच्यावर चकाकणाऱ्या गोळ्या असतात, तशाच अवजारांवरही असतात. टेबलाशेजारचा इन्फ्रारेड कॅमेरा या गोळ्या टिपतो. रुग्ण टेबलावर पालथा असतानाच बहुधा स्कॅन घेतात, आणि अवजार चौकटीपासून कुठे आहे यावरून संगणक ते स्कॅनमध्ये कुठे असेल हे काढून पडद्यावर दाखवतो. हे सगळे एका गृहीतकावर उभे आहे: स्कॅन झाल्यापासून चौकट आणि मणका यांचे नाते बदललेले नाही.

ते बदलू शकते, आणि कोणाला कळतही नाही. मदतनीसाचा कोपर चौकटीला लागतो. श्वासाबरोबर कणा हलतो. सैल झालेल्या मणक्यावर आटे पाडताना जोर दिला की मणकाच किंचित फिरतो. चौकट कमरेला आणि स्क्रू पाचसहा मणके वर, असे असेल तर चूक आणखी वाढते. पडद्यावरचे चित्र मात्र तेवढेच रेखीव राहते, आणि या यंत्राचा खरा धोका मला तिथेच वाटतो. म्हणून दक्ष शल्यविशारद अधूनमधून अवजाराचे टोक डोळ्यांना दिसणाऱ्या हाडाच्या एखाद्या ठळक टोकावर टेकवतो आणि पडद्यावरही ते तिथेच टेकलेले दिसते का, हे बघतो. टोक हाडावर टेकलेले असताना पडद्यावर ते हवेत तरंगताना दिसले, तर काम थांबवून पुन्हा स्कॅन घेणेच शहाणपणाचे.

एवढे असूनही यंत्राचा उपयोग वादातीत आहे. २००० साली फिनलंडमधून १०० रुग्णांची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात नेहमीच्या पद्धतीने बसवलेल्या स्क्रूंपैकी १३.४ टक्क्यांनी पेडिकलची भिंत फोडली होती, तर संगणकाच्या मदतीने बसवलेल्यांपैकी ४.६ टक्क्यांनी. छातीच्या वाकड्या कण्यात, जिथे मणके पिळलेले असतात आणि हाताचा अंदाज चकतो, तिथे फायदा जास्त ठळक दिसतो: २००७ सालच्या एका भारतीय अभ्यासात हे प्रमाण २३ टक्के विरुद्ध २ टक्के असे आले. अवजाराची दिशा नळीने धरून ठेवणाऱ्या रोबोटची कहाणी मात्र इतकी सरळ नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत त्या काळच्या रोबोटच्या मदतीने ८५ टक्के स्क्रू समाधानकारक बसले, आणि नुसत्या हाताने ९३ टक्के. ही मार्गदर्शक नळी हाडाच्या उतारावरून बाहेर घसरणे, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले गेले. नंतरचे रोबोट पुष्कळ सुधारले आहेत, पण उतारावरून घसरण्याची काळजी अजूनही घ्यावीच लागते.

या टक्केवारीचा अर्थ लावताना मोजपट्टी कोणती, हे बघणे भाग आहे. गर्ट्झबाइन आणि रॉबिन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजपट्टीत हाडाच्या आत राहिलेला स्क्रू 'ए' श्रेणीत जातो, २ मिलिमीटरच्या आत बाहेर आलेला 'बी' श्रेणीत, आणि पुढे दर २ मिलिमीटरला श्रेणी उतरत जाते. पुष्कळ अभ्यासांत ए आणि बी दोन्ही 'स्वीकारार्ह' धरतात, काही जण फक्त ए धरतात. त्यामुळे तेच स्क्रू एका लेखात अधिक अचूक ठरतात आणि दुसऱ्यात कमी. बी श्रेणीतल्या बहुतेक रुग्णांना कसलाही त्रास होत नाही. म्हणूनच स्कॅनवरच्या फरकाइतका मोठा फरक रुग्णांच्या प्रत्यक्ष तब्येतीत दिसत नाही.

तेव्हा नातेवाइकांनी आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: स्क्रू बसवल्यावर, जखम शिवण्याआधी, टेबलावरच पुन्हा स्कॅन घेणार का? त्यासाठी किरणांचा थोडा अधिक मारा सोसावा लागतो आणि वेळही जातो. पण एखादा स्क्रू नसेकडे वळलेला दिसला, तर तो त्याच बैठकीत काढून नीट बसवता येतो. नाहीतर रुग्ण शुद्धीवर आल्यावर पाय बधिर असल्याचे सांगतो, आणि मग दुसऱ्यांदा भूल देण्याची वेळ येते.