पत्र्याच्या डब्यातले प्रश्न

(दृश्य: बेळगाव कॅम्प, संध्याकाळ. चर्चच्या मागची खोली.)

रविवारची संध्याकाळ. उपासना सकाळीच झाली आहे. मागच्या खोलीत आता दोन खिळ्यांना दोरी बांधून पांढरी चादर ताणली जातेय. एका कोपऱ्यात सुरकुती राहिलीय, ती ओढून बसवायला एक पोरगा स्टुलावर चढलाय. प्रोजेक्टर भाड्याचा. दार सताड उघडं. २०२१ च्या डिसेंबरात याच शहरातल्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं. तेव्हापासून दार लावून चार माणसं बसली तरी विचारणा होईल, अशी धास्ती आहे.

आज तरुण संघ सिनेमा बघणार आहे. आणि सिनेमा आहे देवावर खटला भरणाऱ्या माणसाचा.

(दृश्य: चादरीवर हलणारा उजेड, मुलांचे चेहरे.)

२०१२ चा 'ओह माय गॉड'. भूकंपात कानजीभाईचं दुकान कोसळतं. विमा कंपनी म्हणते, ही देवाची करणी, पैसे मिळणार नाहीत. मग कानजी म्हणतो, करणी देवाची असेल तर भरपाईही देवानेच द्यावी. तो कोर्टात जातो. शेवटाकडे सिनेमा त्याला देवाकडे वळवतो, पण पोरांच्या तोंडी राहतात ते कोर्टातले संवाद. मोबाईलवर फिरतात तेही तेच तुकडे.

चर्चचे धर्मगुरू, पाळकसाहेब, लॅपटॉप थांबवतात. पडद्यावर कानजी अर्धं तोंड उघडून तसाच राहतो. "आता डबा घ्या की," ते म्हणतात.

(दृश्य: डबा, अगदी जवळून.)

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. झाकणाला कुणीतरी छिन्नीने चीर पाडलीय. कडा बोटाला लागू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी. सिनेमा चालू असताना हा डबा अंधारात हातोहात फिरतो. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, अक्षर ओळखलं तरी बोलायचं नाही. वहीचे फाडलेले कोपरे, एक बसचं तिकीट, एका चॉकलेटच्या कागदाची मागची बाजू. काही मराठीत, दोन कानडीत. पाळकसाहेब एकेक उलगडतात, मांडीवर सपाट करतात, मोठ्याने वाचतात. सोपी आधी आणि अवघड मागे असं करत नाहीत. हाताला लागेल ती.

तिसरी चिठ्ठी अशी होती: "२०१९ च्या पुरात आमचं घर पडलं. ती पण देवाची करणी काय?"

(दृश्य: खानापूर, मलप्रभेचं पात्र. नंतर घराची भिंत.)

ही मलप्रभा. कणकुंबीला उगम पावते आणि खानापूरवरून पुढे जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती, घटप्रभा आणि कृष्णा, तिन्ही नद्यांनी मिळून जिल्हा पाण्याखाली घातला. चिठ्ठी लिहिणारी मुलगी नंतर आपणहून पुढे आली आणि तिने हे घर दाखवलं. अर्धी भिंत नव्या विटांची, अर्धी जुनी मातीची. मातीच्या भागावर पाण्याची रेघ अजून आहे. कॅमेऱ्यापुढे ती काही बोलली नाही. रेघेवर बोट ठेवून उभी राहिली.

(दृश्य: पुन्हा खोली. उघडलेलं पवित्र शास्त्र.)

पाळकसाहेबांनी लूकचा तेरावा अध्याय काढला. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती माणसं यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं काय? आणि स्वतःच उत्तर देतो: नाही. म्हणजे पडलेल्या भिंतीकडे बोट दाखवून 'तुमचंच पाप' म्हणायची सोय आमच्या शास्त्राने ठेवलेली नाही. मग भिंत पडली का? पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "ते मला माहीत नाही," म्हणाले.

हे वाक्य आम्ही कापलेलं नाही. त्यानंतरची शांतताही नाही.

मी अशाच एका मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलो. बारा वर्षांचा असताना संडे स्कूलमध्ये विचारलं होतं, देव आहे हे कशावरून? उत्तरादाखल स्तोत्र चौदा मिळालं: 'मूढ आपल्या मनात म्हणतो, देव नाही.' वर्ग हसला. पुढे कित्येक वर्षं मी काही विचारलं नाही. ते स्तोत्र मी पुढे पुरतं वाचलं. त्यातला मूढ शंका घेणारं पोर नाहीच. तो लोकांना भाकरीसारखं खाणारा माणूस आहे.

(दृश्य: कॅम्पातलं जुनं चर्च, घंटा.)

लंडन मिशन या धर्मप्रसारक संस्थेची माणसं बेळगावात १८२० ला आली. १९०४ मध्ये ते काम मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेलं. त्याच लंडनमध्ये जानेवारी २००९ ला बसवर जाहिराती झळकल्या: देव बहुधा नाहीच, तेव्हा काळजी सोडा आणि आयुष्याची मजा घ्या. ब्रिटनभर ८०० बस. काही ख्रिस्ती गटांनी उलट बस रंगवल्या, एकाने तर हेच मूढाचं वचन लावलं. तिथल्या मेथडिस्ट चर्चने मात्र स्वागत केलं: लोक देवाविषयी बोलू तरी लागले! मला या दुसऱ्या उत्तराचा अभिमान वाटतो. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की नास्तिकता जन्माला येण्यात श्रद्धाळूंचाही वाटा असतो.

आणि मराठी माणसाला नास्तिक काही बाहेरून यावा लागत नाही. डॉ. श्रीराम लागू 'परमेश्वराला रिटायर करा' असं भर सभेत सांगत. त्यांच्या नाटकांना आस्तिकच गर्दी करत.

(दृश्य: राष्ट्रीय महामार्ग ४८, ट्रकचे दिवे.)

हा रस्ता वर कोल्हापूरला जातो, खाली धारवाडला. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये धारवाडला कन्नड विचारवंत एम. एम. कलबुर्गींवर, त्यांच्याच घराच्या दारात. बेळगाव या दोन गावांच्या मध्ये आहे. इथे कुणी निर्धास्तपणे चिठ्ठी लिहितो, तेव्हा तो डबा सांभाळणं हे मंडळीचं काम आहे, असं मी मानतो.

(दृश्य: चादर उतरवताना.)

सिनेमाच्या रविवारांमुळे दोन घरांनी मुलांना पाठवणं बंद केलं. एका पोराने चिठ्ठीत सरळ लिहिलं होतं, मी देव मानत नाही. तो उपासनेला येत नाही, गीतं म्हणत नाही. पण रविवारी संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येतो. स्पीकरची वायर तोच जोडतो, आणि चादरीची ती सुरकुती तोच ओढतो.