पत्र्याखालचा पाऊस : चिनी जगाची भाषा होईल का?

नमस्कार मंडळी. वाचनालयाने मला विषय दिला आहे, 'इंग्रजीची जागा चिनी घेईल का?' माझ्या कानाला हा प्रश्न नवा नाही. मी चिनीचे वर्ग घ्यायला लागल्यापासून दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक येऊन तो विचारतातच. गेल्या वर्षी एक गृहस्थ आले होते, मुलगी नववीत. म्हणाले, "मॅडम, पुढचा जमाना चिनीचाच ना? मग आत्तापासूनच लावून टाकतो हिला. इंग्रजी काय, आज ना उद्या जाणारच." त्या दिवशी मी त्यांना घाईघाईत काहीतरी सांगितलं. आज तुमच्यासमोर नीट सांगते.

आधी एक प्रसंग सांगते. मी कारखान्यांमध्ये दुभाषी म्हणून जायचे तेव्हाचा, चाकणचा. नवीन प्रेस मशीन बसवायचं होतं. मशीन चिनी, त्याबरोबर चिनी इंजिनिअर आलेला. हायड्रॉलिकचे भाग जपानी, म्हणून एक जपानी माणूस. आणि आपले दोन फिटर, एक जुन्नरचा, एक बीडचा. नाशिक फाट्याला गाड्यांची रांग लागली आणि मला पोहोचायला तासभर उशीर झाला. आता सगळे माझ्या नावाने खोळंबले असणार, या धास्तीने मी आत गेले. बघते तर काम सुरू होतं. जपानी माणसाने खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर मार्करने दोन मोठी अक्षरं काढली होती, शेवटी जपानी लिपीचं एक छोटंसं शेपूट. चिनी इंजिनिअरने पुठ्ठा बघितला, तडक मशीनच्या मागे गेला, वाकून हात घातला. बोटं तेलाने माखून बाहेर आली.

पहिलं अक्षर होतं 'तेल', दुसरं 'गळणं'. जपानी माणूस पहिल्या अक्षराला 'अबुरा' म्हणतो, चिनी माणूस 'यौ'. बोलून त्यांना एकमेकांचं अवाक्षर कळलं नसतं, लिहून कळलं. दोन्ही अक्षरांच्या डाव्या अंगाला पाण्याचे तीन थेंब आहेत. आणि 'गळणं' या अक्षरात उजवीकडे वर छप्पर, त्याच्या खाली पाऊस. मी हे आमच्या फिटरना दाखवलं, तर जुन्नरचा गडी म्हणाला, "म्हंजी पत्र्याखाली पाऊस!" चिनी लिपीचं इतकं चपखल वर्णन मी कुठल्या प्राध्यापकाच्या तोंडूनही ऐकलेलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. जेवणानंतर बोलणं पुढे गेलं. सील कधी येणार, खर्च कुणाचा, वॉरंटी कुणाकडे. तिथे पुठ्ठा अपुरा पडला. आणि ते दोघे, ज्यांच्या पूर्वजांनी दीड हजार वर्षं एकच लिपी गिरवली, ते इंग्रजीत बोलायला लागले. "सील, नो स्टॉक. थ्री डे, फोर डे." ना धड व्याकरण, ना उच्चार. पण सौदा झाला. आजच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्या दुपारी दडलेलं आहे.

आपण विसरतो, चिनी भाषा एकदा जगाच्या एका मोठ्या भागाची सामाईक भाषा होऊन गेलेली आहे. कोरिया, जपान, व्हिएतनाम इथले विद्वान, भिक्षू, वकील म्हणून आलेले दरबारी लोक समोरासमोर बसून कागदावर शाईने गप्पा मारत. एक लिहायचा, दुसरा वाचून त्याखाली उत्तर लिहायचा. चाकणच्या पुठ्ठ्यावर मी त्याच परंपरेचा शेवटचा धागा बघितला. मग ती परंपरा गेली कुठे? शेजाऱ्यांनी एकेक करून ती सोडली. कोरियाच्या सेजोंग राजाने १४४६ मध्ये नवी लिपी जाहीर केली आणि कारण स्वच्छ सांगितलं : चिनी अक्षरांत आपल्या साध्या रयतेला मनातलं लिहिता येत नाही. व्हिएतनाममध्ये चिनी अक्षरांतली शेवटची दरबारी परीक्षा १९१९ मध्ये झाली. आज तिथली पोरं रोमन लिपीत लिहितात. ज्यांना चिनी सगळ्यात जवळची होती, त्यांनाच ती रोजच्या वापरासाठी जड झाली.

जड का, ते थोडं सांगते. आपलं दुसरीतलं पोर बाराखडी आली की कुठलाही मराठी शब्द वाचून दाखवतं, अर्थ कळो न कळो. चीनमध्ये तसं नाही. अक्षर माहीत नसेल तर वाचताच येत नाही. तिथल्या सक्तीच्या नऊ वर्षांच्या शिक्षणात मुलांकडून साडेतीन हजार अक्षरं ओळखण्याची अपेक्षा असते. त्यात सूर. 'माय' हा शब्द आवाज खाली नेऊन वर उचलला तर 'विकत घेणं', आणि वरून झटकन खाली टाकला तर 'विकणं'. व्यवहाराला बसलेल्या माणसाला याहून मोठी गफलत कुठली? मी स्वतः पहिल्या वर्षी या एका शब्दासाठी रात्ररात्र आरशापुढे उभी राहिले आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या हिशेबाने इंग्रजी माणसाला चिनी यायला २,२०० तास लागतात, हिंदी त्याच्या निम्म्या वेळात येते. चीनने स्वतः हे दुखणं ओळखलं. १९५८ मध्ये चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत मंजूर झाली. ती घडवण्यात चौ यौक्वांग यांचा मोठा वाटा होता. एकशे अकरा वर्षं जगून ते २०१७ मध्ये गेले. आज बेजिंगमधली तरुण मुलगी मोबाईलवर चिनी टाइप करते ती बहुतेक वेळा रोमन अक्षरं दाबूनच. आणि पेन हातात धरलं की अक्षर आठवत नाही, अशी तक्रार तिथेही सर्रास ऐकू येते.

तरीही अवघडपणा हे माझ्या मते खरं कारण नव्हे. इंग्रजीच्या स्पेलिंगला तरी कुठे ताळतंत्र आहे? आपण घोकलंच की. भाषा जगभर जाते ती दुसऱ्याच वाटेने.

१६८९ सालची गोष्ट. आपल्याकडे संभाजी महाराजांची हत्या झाली ते वर्ष. त्याच वर्षी सैबेरियात नेर्चिन्स्क नावाच्या गावी रशिया आणि चीन यांचा सरहद्दीचा करार झाला. एका बाजूला झारचे वकील, दुसऱ्या बाजूला चीनच्या खांगशी बादशहाचे मांचू सरदार (तेव्हा चीनवर मांचू घराण्याचं राज्य होतं). अधिकृत प्रत कुठल्या भाषेत? लॅटिनमध्ये! रशियन आणि मांचू प्रती होत्या, पण दोघांनी मानायची ती लॅटिन. कारण बादशहाच्या पदरी परेरा आणि जेर्बियों हे दोन जेझुइट पाद्री होते, रशियन बाजूलाही लॅटिन जाणणारा माणूस होता. पश्चिमेचं रोमन साम्राज्य बुडून बाराशे वर्षं झाली होती. करार करणाऱ्या दोघांपैकी कुणाचीच ती भाषा नव्हती. मला तर वाटतं, कुणाचीच नव्हती म्हणून दोघांनाही चालली.

आपल्याकडे फारसीचं हेच झालं. मुघलांची घरची भाषा तुर्की, पण राज्य चालवलं फारसीत, कारण ती आधीच सगळीकडे रुळलेली होती. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. केवढी दूरदृष्टी! कंपनी सरकारने १८३७ मध्ये फारसीला कचेरीतून निरोप दिला. आणि आजही आपण तहसीलदाराकडे अर्ज करतो आणि दस्त नोंदवतो. सत्ता जाते, भाषेचं बस्तान सहजी उठत नाही.

आता चीनच्या दारातली गोष्ट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपचा चीनशी समुद्रावरचा व्यापार जवळजवळ सगळा दक्षिणेतल्या कँटन बंदरातून चाले. चहा, रेशीम, चिनी मातीची भांडी. आपला 'चहा' हा शब्द चिनीच आहे. विकणारा चीन, जगाचा सगळ्यात श्रीमंत दुकानदार. मग गिऱ्हाइकाने दुकानदाराची भाषा शिकायला नको? पण परक्यांना चिनी शिकवायला दरबाराची बंदी होती. १७५९ मध्ये जेम्स फ्लिंट नावाचा इंग्रज, चिनी शिकलेला, तक्रारीचा अर्ज घेऊन थेट उत्तरेकडे गेला. त्याला तीन वर्षं कँटनजवळच्या मकावमध्ये कैदेत ठेवलं, आणि अर्ज लिहायला मदत करणाऱ्या चिनी माणसाचं डोकं उडवलं. परिणाम असा की कँटनच्या गोदीत एक मोडकीतोडकी इंग्रजी तयार झाली, शब्द इंग्रजी आणि वाक्याची ठेवण चिनी. मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन जाणारे पारशी व्यापारी त्याच गोदीत उतरत. चीन बलाढ्य होता, श्रीमंत होता, लोकसंख्येने अफाट होता, आणि त्याच्याच भूमीवर व्यवहार इंग्रजीच्या एका रूपात चालू होता. हे मला फार बोलकं वाटतं. भाषा पसरायची तर ती परक्याच्या हाती द्यावी लागते. त्याने ती वाकवली, मोडली, तरी चालवून घ्यावं लागतं.

पुढे ब्रिटनशी झालेल्या अफूच्या युद्धांत चीन हरला आणि १८५८ च्या तिएनत्सिनच्या करारात दोन कलमं लागोपाठ आली. ५० वं : यापुढे ब्रिटिशांचे सरकारी खलिते इंग्रजीत येतील, आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी मजकूर खरा धरायचा. ५१ वं : ब्रिटिशांसाठी 'रानटी' या अर्थाचं अमुक चिनी अक्षर वापरायचं नाही. एका अक्षरावर बंदी घालायला आंतरराष्ट्रीय करार! चार वर्षांनी, १८६२ मध्ये, बेजिंगला इंग्रजीचे दुभाषे घडवणारी सरकारी शाळा निघाली. तेव्हा इंग्रजी निव्वळ भाषेच्या गोडीने पसरली असं मी म्हणणार नाही. तोफा होत्याच.

मग कुणी विचारेल, आता चीनची सत्ता वाढते आहे, उद्या चाक उलटं फिरणार नाही का? फिरूही शकतं. फ्रेंचचं काय झालं बघा. मुत्सद्देगिरीची भाषा म्हणून तिचा केवढा दरारा होता. १९१९ ला व्हर्सायचा तह इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत झाला, कारण अमेरिकेचे विल्सन आणि ब्रिटनचे लॉईड जॉर्ज यांचं फ्रेंच बेतास बात, आणि फ्रान्सचे क्लेमांसो अमेरिकेत राहून आलेले, इंग्रजी उत्तम. पण त्या बदलामागे एक महायुद्ध होतं. आणि इंग्रजी तोवर कितीतरी देशांच्या शाळा-कचेऱ्यांत जाऊन बसलेली होती. आज इंग्रजी बोलणारे साधारण दीडशे कोटी धरतात, त्यांत मातृभाषा असणारे चाळीस कोटींच्या आसपास. बाकी सगळे तुमच्या-माझ्यासारखे. चिनी बोलणारेही शंभर कोटींच्या वर आहेत, पण जवळजवळ सगळे चिनीच.

सिंगापूर घ्या. दर चार माणसांत तीन वंशाने चिनी. तिथे १९५० च्या दशकात चिनी माध्यमाचं नानयांग विद्यापीठ निघालं, १९८० मध्ये ते दुसऱ्या विद्यापीठात विलीन झालं. सरकारने १९७९ पासून 'मँडरिन बोला' अशी मोहीम चालवली; मँडरिन म्हणजे चिनीचं प्रमाण रूप. आणि २०२० च्या जनगणनेत घरात मुख्यतः इंग्रजी बोलणारे निघाले ४८.३ टक्के, मँडरिन बोलणारे २९.९. आग्नेय आशियाच्या दहा देशांनी २००७ मध्ये आसियानची सनद केली, त्यात कामकाजाची भाषा एकच, इंग्रजी. सिंगापुरात तमिळ, मलय, चिनी यांत कुणाला झुकतं माप नको, आसियानमध्ये कुठल्या एका देशाला नको, म्हणून परकी बरी. नेर्चिन्स्कचंच गणित.

खुद्द चीनने २००१ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी आणली. तिथले शास्त्रज्ञ आपले महत्त्वाचे शोधनिबंध इंग्रजीत छापतात. ज्याने जागा घ्यायची तोच त्या जागेला घट्ट धरून आहे.

तेव्हा त्या गृहस्थांना माझं उत्तर असं. इंग्रजी जाणार नाही, निदान तुमच्या मुलीच्या हयातीत नाही. आणि तरीही मुलीला पाठवा. तळमळीने सांगते, पाठवा. चीन आपला शेजारी आहे, त्याच्याशी आपलं युद्ध झालेलं आहे, आपल्या औषधांचा कच्चा माल आणि मोबाईलचे भाग तिकडून येतात, आणि तिथे काय चाललंय हे आपण लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतून वाचतो. कारखान्यात चिनी मशीन येतं, बरोबर चिनी माहितीपुस्तक येतं, आणि आपला फिटर मोबाईल त्यावर धरून भाषांतर बघतो. काम भागतं. पण समोरचा इंजिनिअर हळू आवाजात आपल्या साहेबाला फोनवर काय सांगतो आहे, ते त्याला कळत नाही. 'जगाची भाषा होणार' म्हणून शिकलेली मुलं दोन वर्षांत सोडून देतात, हे मी वर्गात बघते. माणसासाठी शिकलेली टिकतात.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर, जपानशी लढत असलेल्या चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना शेवटी 'ह्वा', म्हणजे चीन, हे अक्षर जोडलेलं होतं. इंग्रजी त्यांना येत होती, दुभाषे मिळाले असते. पण जखमी शिपाई खेड्यातला शेतकरी, दुखतं कुठे ते तो त्याच्याच भाषेत सांगणार. कोटणीस चिनी बोलायला शिकले, मग वाचायला, मग लिहायला. तिथल्या विद्यार्थ्यांना ते चिनीत शिकवत. क्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा : 'यिन' भारताचा, 'ह्वा' चीनचा. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले, वय अवघं बत्तीस. मुलगा काही महिन्यांचा होता, आणि शस्त्रक्रियेचं एक पाठ्यपुस्तक अर्धं लिहून झालं होतं, चिनीत.