जन्माची नोंद नसलेला उपदेशक

श्रोतेहो, नमस्कार.

घराण्याचा माग काढायचा म्हटलं की आपल्याकडे माणूस त्र्यंबकेश्वरची वाट धरतो. तीर्थोपाध्याय गाव विचारतात, आडनाव विचारतात, जुन्या वह्या सोडतात आणि कधी कधी पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर समोर येतो. ख्रिस्ती देशांत हे काम बरंचसं चर्चच्या दप्तरानं केलं. मूल जन्मलं की थोड्याच दिवसांत त्याचा बाप्तिस्मा, आणि पाद्र्याच्या वहीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, तारीख. इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या लोहाराच्याही पाच-सहा पिढ्या त्यामुळे लागतात.

बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातलं घराणं असलं की मात्र ही वाट बंद होते. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतच नाहीत. माणूस जाणता झाला पाहिजे, आपल्या विश्वासाची साक्ष त्यानं मंडळीसमोर, म्हणजे गावातल्या चर्चच्या सभासदांसमोर, स्वतःच्या तोंडानं दिली पाहिजे, मगच त्याला नदीत नाहीतर ओढ्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा द्यायचा. त्यामुळे वहीत त्याचं नाव पहिल्यांदा येतं ते विसाव्या-पंचविसाव्या वर्षी, आणि तेही आईबापांच्या नावाशिवाय. त्यातून तो अमेरिकेच्या सरहद्दीवरचा खेडूत उपदेशक असेल तर अडचणीत भरच. पगार नाही, म्हणून पगाराचं दप्तर नाही. आठवडाभर नांगर धरायचा आणि रविवारी उपदेश करायचा. दहा-पंधरा वर्षांत जमीन विकायची आणि आणखी पश्चिमेला सरकायचं.

अशा एका उपदेशकाच्या घराण्याचा माग आज आपण काढू. त्याचं नाव डॅनिअल पार्कर. १७८१ साली व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) जन्म, १८४४ साली टेक्सासमध्ये मृत्यू. मधल्या त्रेसष्ट वर्षांत जॉर्जिया, टेनेसी, इलिनॉय आणि टेक्सास असा त्याचा प्रवास झाला. हा माणूस मी निवडला तो थोर होता म्हणून नव्हे. स्पष्ट सांगायचं तर त्याची शिकवण मला पटत नाही. पण कागद कुठे सापडतात, कुठे हरवतात आणि कुठे चक्क खोटं बोलतात, हे सगळं या एका घरात पाहायला मिळतं.

सुरुवात जनगणनेपासून करू, कारण बहुतेक जण तिथूनच करतात. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते. पण १८४० पर्यंतच्या गणनेत नाव लिहिलं जाई ते फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीचे म्हणजे नुसते आकडे: दहा वर्षांखालचे मुलगे इतके, वीस ते तीसच्या स्त्रिया इतक्या. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० साली. तोवर डॅनिअलला जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि १८४० ची गणना? त्या वर्षी टेक्सास अमेरिकेत नव्हताच. तो स्वतंत्र प्रजासत्ताक देश होता, त्यामुळे अमेरिकेचा गणनेवाला तिकडे फिरकलाच नाही. एवढी मुलंबाळं असलेला माणूस, आणि त्याचं पूर्ण कुटुंब नावानिशी दाखवणारं जनगणनेचं एकही पान नाही.

मग उरतात लग्नाच्या नोंदी, जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि घरचं बायबल. अमेरिकन घरांतून मोठ्या बायबलच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळू लागली तेव्हा लग्नाचा पुरावा म्हणून कित्येक बायकांनी बायबलची ती पानंच फाडून वॉशिंग्टनला पाठवली. ती पानं आजही सरकारी अभिलेखागारात आहेत. बायबल घरी, कुटुंबाची पानं हजार मैलांवर!

डॅनिअलचं लग्न १८०२ साली मार्था डिकर्सन हिच्याशी झालं. कागदोपत्री ती बहुतेक वेळा ‘पॅट्सी’ म्हणून येते, कारण त्या काळी मार्थाचं घरगुती नाव पॅट्सी असे. त्याचा भाऊ जेम्स, त्याच्या बायकोचं नावही मार्था, तीही पॅट्सीच. वडिलांचं नाव जॉन, एका पुतण्याचंही जॉन. आडनाव आणि नाव जुळलं की आपला माणूस सापडला असं ज्याला वाटतं, त्यानं पार्करांच्या वाटेला जाऊ नये.

बॅप्टिस्टांचं खरं दप्तर म्हणजे मंडळीच्या इतिवृत्ताची वही. महिन्यातून एकदा, बहुतेक शनिवारी, मंडळीची सभा भरे आणि एक कारकून सभेचं काम लिहून घेई. सभासद दुसऱ्या मुलखात निघाला की मंडळी त्याला पत्र देई: हा माणूस आमच्यात होता, चालचलणूक चांगली, तुमच्यात घ्यावा. नव्या ठिकाणी तो पत्र दाखवी आणि तिथल्या वहीत लिहिलं जाई की अमुक भाऊ पत्रानं आला. एका वहीतलं ‘पत्र दिलं’ आणि दुसऱ्या वहीतलं ‘पत्रानं आला’ जुळलं, की त्या घराचं स्थलांतर महिन्याच्या हिशेबानं हाती येतं. जन्मतारीख न सांगणारी मंडळी माणूस कधी हलला ते मात्र चोख सांगते. आणि तो एकटा क्वचितच हले. सासर-माहेरची चार घरं बरोबर हलत. म्हणून बायकोचं माहेरचं आडनाव सापडत नसेल तर त्याच महिन्यात पत्र घेऊन निघालेले इतर कोण, ते बघावं.

या वह्यांत भांडणंही भरपूर. कोण दारू प्यायला, कोण नाचला, कोणी उधारी बुडवली, कोणी शेजाऱ्याला शिवी दिली, सगळ्याची चौकशी होई आणि तीही लिहिली जाई. दक्षिणेकडच्या वह्यांत गुलाम सभासदांची नावंही येतात, नुसतं पहिलं नाव आणि मालकाचं आडनाव. हे महत्त्वाचं आहे. १८५० आणि १८६० च्या गणनेत गुलामांची वेगळी यादी होती, तीत मालकाचं नाव लिहून त्याखाली गुलामाचं वय, लिंग आणि रंग एवढंच भरत. नाव जवळजवळ कुठेच नाही. मुक्त झालेल्या काळ्या माणसांची नावं गणनेत पहिल्यांदा सरसकट आली ती १८७० साली. त्याआधीच्या आपल्या पणजीचं नाव शोधणाऱ्या कित्येक कृष्णवर्णीय कुटुंबांना मंडळीच्या वहीतली एक ओळ हाच आधार असतो.

आता डॅनिअलकडे परत येऊ. १८१७ च्या सुमारास तो इलिनॉयच्या क्रॉफर्ड काउंटीत आला. १८२२ ते १८२६ तो तिथल्या राज्य सिनेटवर होता, म्हणजे त्या चार वर्षांसाठी सरकारी दप्तरातही तो सापडतो. पण त्याचं नाव झालं ते वादामुळे. मिशनरी सोसायट्या, बायबल सोसायट्या, धर्मशिक्षणाच्या शाळा-विद्यापीठं हे सगळं माणसांनी उभं केलेलं आहे, देवाला त्याची गरज नाही, असं तो गावोगाव सांगत फिरला. १८२६ मध्ये त्यानं आपली ‘दोन बीजां’ची शिकवण छापली: हव्वेच्या पोटी एक बीज देवाचं आणि एक सापाचं, प्रत्येक माणूस जन्मतःच यांपैकी एका वंशाचा, आणि त्याचं पुढचं सगळं ठरलेलं. उपदेश करून सापाचा वंश देवाचा होत नाही, मग मिशन हवंच कशाला?

तो दिसायला कसा होता, हे आपल्याला कळतं त्याच्या विरोधकाकडून. जॉन मेसन पेक नावाचा मिशनरी बॅप्टिस्ट त्याच मुलखात काम करत होता आणि पार्करनं त्याचा पिच्छा पुरवला होता. पेकनं लिहून ठेवलंय की हा माणूस जॉर्जियाच्या सरहद्दीवर वाढलेला, शिक्षण नाही, अंगानं लहान, कपडे गबाळे, आणि तरीही बोलायला लागला की ऐकणाऱ्यांना धरून ठेवणारा. कुटुंबातल्या माणसांनी असं वर्णन केलं नसतं. ज्यांना आपल्या पूर्वजाबद्दल खरं काही हवंय, त्यांनी त्याचं कोणाशी भांडण होतं ते आधी शोधावं. चरित्र बहुतेक तिथेच सापडतं.

१८३० च्या दशकात पार्करांनी टेक्सासला जायचं ठरवलं. जमिनीची ओढ मोठी होती, कुटुंबप्रमुखाला एक लीग म्हणजे ४,४२८ एकर आणि वर थोडी शेतजमीन मिळू शकत होती. पण टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होता आणि मेक्सिकोचा कायदा कॅथलिकांचा. दुसऱ्या पंथाची मंडळी तिथे स्थापन करायला बंदी. डॅनिअलनं तोड काढली. स्थापन करायला बंदी आहे ना? मग स्थापन इथेच करू आणि घेऊन जाऊ. २६ जुलै १८३३ रोजी इलिनॉयमध्येच ‘पिलग्रिम’ मंडळी स्थापन झाली आणि बैलगाड्यांतून टेक्सासला निघाली. कायद्याला अशी बगल देणारा माणूस वकिलीतही चालला असता. या मंडळीची इतिवृत्तं टिकली, पुढे छापलीही गेली, आणि टेक्सासच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतीचा तो एक भरवशाचा कागद मानला जातो.

टेक्सासमध्ये भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. डॅनिअल आजच्या अँडरसन काउंटीत, एल्कहार्टच्या बाजूला स्थिरावला. वडील जॉन आणि भाऊ सायलस, जेम्स, बेंजामिन हे पश्चिमेला नवासोटा नदीच्या वरच्या अंगाला गेले आणि त्यांनी लाकडी कोट बांधला, फोर्ट पार्कर. १९ मे १८३६ रोजी कोमांची या तिथल्या मूळ रहिवासी जमातीनं आणि तिच्या मित्र टोळ्यांनी त्यावर हल्ला केला. म्हातारे जॉन, सायलस आणि बेंजामिन मारले गेले, शेजारच्या फ्रॉस्ट घरातले बापलेकही. पाच जणांना धरून नेलं. त्यांत सायलसची मुलगी सिंथिया अॅन होती, जेमतेम नऊ वर्षांची, डॅनिअलची पुतणी. जेम्सची मुलगी रेचल प्लमरही होती. ती पैसे भरून सुटली, १८३८ मध्ये तिनं आपली हकिगत छापली आणि पुढच्याच वर्षी वारली. सिंथिया अॅन सुटली नाही. ती कोमांची झाली, पेटा नोकोना या कोमांची पुढाऱ्याशी तिचं लग्न झालं, मुलं झाली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्सास रेंजर्स या राज्याच्या सशस्त्र दलानं पीझ नदीकाठी छापा घालून तिला आणि तिच्या तान्ह्या मुलीला ‘सोडवलं’. हे सोडवणं तिनं कधीच मानलं नाही. परत कोमांचींकडे जायचा प्रयत्न ती करत राहिली. राज्यानं तिला जमीन आणि पेन्शन मंजूर केली. तिला हवे होते तिचे मुलगे.

आता वंशावळ शोधणाऱ्यांसाठी इथे एक धडा आहे. तिचा मृत्यू १८६४ साली झाला असं जुन्या लिखाणात सर्रास सापडतं. मुलगी न्यूमोनियानं गेली आणि त्याच दुःखात अन्नपाणी सोडून आईही गेली, अशी गोष्ट. गोष्ट करुण आहे, सांगायला सोपी आहे, म्हणून ती पुस्तकांतून पुस्तकांत गेली. पण १८७० च्या जनगणनेत अँडरसन काउंटीत बहिणीच्या घरी सिंथिया अॅन पार्करचं नाव लिहिलेलं आहे. दारोदार फिरणाऱ्या कुणा गणनेवाल्याला त्या गोष्टीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं घरात माणसं होती ती लिहिली.

या घराण्याचा सर्वांत चिकाटीचा संशोधक मात्र कुणी अमेरिकन पार्कर नव्हता. तो सिंथिया अॅनचा मुलगा क्वाना. १८७५ साली त्यानं आपल्या माणसांसह फोर्ट सिल या आजच्या ओक्लाहोमातल्या लष्करी ठाण्यात शरणागती पत्करली आणि आईचं आडनाव लावलं, क्वाना पार्कर. आई कुठे आहे याची चौकशी त्यानं सुरू केली तेव्हा ती हयात नव्हती. तिचं छायाचित्र कुणाकडे असेल तर हवं आहे, अशी जाहिरात त्यानं टेक्सासच्या वर्तमानपत्रात दिली, आणि ते त्याला मिळालं. पुढे आईच्या अस्थी ओक्लाहोमात आणण्यासाठी त्यानं सरकारदरबारी खटपट केली. १९१० मध्ये त्या आल्या. फेब्रुवारी १९११ मध्ये तो वारला आणि तिच्या शेजारीच पुरला गेला. १९५७ साली लष्कराला ती जागा हवी झाली, तेव्हा दोघांनाही फोर्ट सिलच्या दफनभूमीत हलवलं.

माणूस जन्मतःच एका बीजाचा असतो आणि ते बदलत नाही, असं डॅनिअल आयुष्यभर सांगत होता. त्याच्याच पुतणीचा मुलगा कोमांचींचा सर्वांत नावाजलेला पुढारी झाला, आणि आज टेक्सासचे गोरे पार्कर आणि ओक्लाहोमाचे कोमांची पार्कर एकमेकांच्या कुटुंबमेळाव्यांना जातात. यावर डॅनिअल काय म्हणाला असता याचा अंदाज मी करत बसत नाही. तो काहीतरी युक्तिवाद काढायचाच.

श्रोतेहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं, नातवंडं डॅलसकडे असतील. तिथून आग्नेयेला दोन-अडीच तासांवर एल्कहार्ट आहे. पिलग्रिम मंडळीची जागा आजही आहे, जुन्या ओंडक्यांच्या चर्चची प्रतिकृती उभी केलेली आहे आणि डॅनिअलची कबर तिथेच दफनभूमीत आहे. काउंटीचं कचेरीचं गाव पॅलेस्टाईन, जवळच आहे. जमिनीची जुनी खतं तिथे बघायला मिळतात. ग्रोसबेकला फोर्ट पार्करही पुन्हा बांधलाय. मात्र शनिवार-रविवारी जाऊ नका, काउंटी कचेरी बंद असते.

नमस्कार.