चाळीतला कांदा आणि समुद्राच्या तळावरचा कांदा

(दृश्य: लासलगाव मार्केट, सकाळ, वाहनांच्या लायनी)

ही लायन बघा. लासलगाव मार्केट, सकाळचे साडेआठ. ट्रॅक्टर, पिकअप, छोटा हत्ती, ज्याला जे मिळालं त्यात कांदा भरून लोक रात्रीच येऊन थांबलेत, कोणी ट्रॉलीखाली गोधडी अंथरून झोपलंय, कोणी टपरीवर तिसरा चहा घेतोय. आता लिलाव सुरू होईल. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, एकजण ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळातले दोन-तीन कांदे वर काढतो, एक दाबून बघतो, मान पिळून बघतो, आणि पुकारा चालू. आम्ही स्टॉपवॉच लावून बघितलं, एका ट्रॉलीला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. चार महिने वावरात आणि तीन महिने चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, सांभाळलेला माल, आणि निकाल हा असा उभ्या-उभ्या.

इथं भाव वर चढत जातो, ज्याची बोली सगळ्यात वर त्याचा माल. साधी गोष्ट आहे.

(दृश्य: आल्समेर, घड्याळ, फुलांच्या गाड्यांची रांग)

आता हे बघा. हॉलंड, म्हणजे नेदरलँड्स, आल्समेर गाव. ही इमारत एवढी मोठी आहे की आत माणसं सायकलवर नि छोट्या इलेक्ट्रिक गाडीवर फिरतात, आणि मागं फुलांच्या ट्रॉल्या रेल्वेच्या डब्यांसारख्या जोडलेल्या. भिंतीवर जे गोल दिसतंय ते लिलावाचं घड्याळ. यात भाव वरून सुरू होतो आणि खाली खाली येतो, जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. म्हणजे इथं वाट बघणारा खरेदीदार घाबरतो, आपण थांबलो तर दुसरा दाबेल. आता तर बहुतेक खरेदीदार घरी बसून लॅपटॉपवरच दाबतात, त्यामुळं हॉलमधल्या खुर्च्या बऱ्याच रिकाम्या दिसतायत.

ही पद्धत काही फुलांसाठी निघाली नव्हती. १८८७ साली, उत्तर हॉलंडमध्ये ब्रूक ऑप लांगेडाइक नावाच्या गावात भाजीवाल्या शेतकऱ्यांनी ती सुरू केली. त्या भागात रस्ते कमी आणि कालवे जास्त, शेतंसुद्धा पाण्यात बेटं असावीत तशी, त्यामुळं शेतकरी कोबी-फ्लॉवर होडीत भरून आणायचे. पुढं त्यांनी लिलावाची इमारतच पाण्यावर बांधली, होडी एका दारातून आत जायची, व्यापाऱ्यांसमोरून सरकायची, विकला गेला माल की दुसऱ्या दारातून बाहेर. आज तिथं म्युझियम आहे आणि पर्यटकांना खोटा खोटा लिलाव खेळायला देतात. आपली ट्रॅक्टरची लायन आणि त्यांची होड्यांची लायन, फोटो शेजारी ठेवले तर पाणी सोडून फारसा फरक दिसत नाही.

खरं सांगायचं तर आज तिकडं कांदा या घड्याळावर विकत नाहीत, शेतकरी थेट पॅकिंगवाल्याशी सौदा करतो. पण शॉट इतका भारी मिळाला की ठेवला.

तिकडचं सगळं शूटिंग आमच्या एका मित्राचं आहे. निफाडचा पोरगा, वाखेनिंगनच्या शेती विद्यापीठात शिकायला गेलाय, सुट्टीच्या दिवशी सायकल काढून मोबाईलवर शूट करून पाठवतो. त्यामुळं वारा जास्त ऐकू येतो, तेवढं सांभाळून घ्या.

(दृश्य: फ्लेवोलँड, सरळ रेघेसारखं सपाट शेत, मागं पवनचक्क्या)

हे तिकडचं, नेदरलँड्समधल्या फ्लेवोलँडचं कांद्याचं शेत. दगड नाही, बांध नाही, चढ नाही, उतार नाही. कारण ही जमीन शंभर वर्षांपूर्वी समुद्राचा तळ होती. १९३२ साली डचांनी समुद्राच्या तोंडावर ३२ किलोमीटरचा बांध घातला, आतल्या खाऱ्या पाण्याचं हळूहळू गोडं तळं झालं, मग त्यातला एकेक तुकडा कडेनं बांधून पाणी उपसून काढला. पूर्व फ्लेवोलँड १९५७ ला कोरडं झालं, दक्षिण १९६८ ला. लगेच पेरलं नाही बरं का, आधी विमानातून बोरूसारख्या गवताचं बी टाकलं, त्या गवतानं चिखलातलं पाणी ओढून घेतलं, मग चर खणले, मग जमीन वाटली. आपल्याकडं नांगराला दगड लागतो, यांच्या नांगराला बुडालेली जहाजं लागली, चारशेहून जास्त सापडलीत आतापर्यंत!

आणि नाशिक? समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर वर. फ्लेवोलँड समुद्राच्या चार-पाच मीटर खाली. त्यांना पाणी बाहेर फेकायला पंप लागतो, आपल्याला विहिरीतून वर आणायला. त्यांच्याकडं पाऊस वर्षाला साधारण ८५० मिलिमीटर, पण बाराही महिने थोडा थोडा. आपल्याकडं इगतपुरीला तीन हजारांच्या आसपास आणि तिकडं येवला-चांदवडला मे महिन्यात टँकर, आणि जो काय पडतो तो चार महिन्यांत.

(दृश्य: गोदाघाट, दुतोंड्या मारुती, पुराचं पाणी)

हा आपला दुतोंड्या मारुती. नाशिककराला पूर विचारा, तो क्युसेक सांगणार नाही, पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे की गळ्याला, ते सांगेल. गंगापूर धरणातून विसर्ग सोडला की अर्धं शहर पुलावर उभं राहून मारुती बघतं, आणि छातीला पाणी लागलं की भांडीबाजार, सराफबाजार दुकानं आवरायला घेतात. २००८ ला बघितलं, २०१६ च्या ऑगस्टला बघितलं.

(दृश्य: ॲमस्टरडॅम, काचेच्या नळ्या)

त्यांचा मारुती हा. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या इमारतीत काचेचे तीन उंच खांब आहेत, आत पाणी. दोन खांबांत समुद्राची पातळी आत्ता किती आहे ते दिसतं, भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होतं. तिसऱ्यातलं पाणी हलत नाही. मान पूर्ण मागं टाकावी लागते ते बघायला, साडेचार मीटर. १९५३ च्या फेब्रुवारीत पहिल्या रात्री झीलंडमध्ये पाणी एवढं चढलं होतं. १,८३६ माणसं गेली.

त्यानंतर त्यांनी डेल्टा वर्क्स, म्हणजे समुद्र अडवायच्या बांध-दारांचं मोठं काम, हाती घेतलं, त्यातला मोठा ओस्टरस्केल्डेचा अडथळा १९८६ ला पूर्ण झाला, दारं एरवी उघडी आणि वादळात बंद. पण मला विचाराल तर काँक्रीटपेक्षा भारी गोष्ट आहे त्यांची पाणी मंडळं. असली २१ मंडळं आहेत, जुनी तर तेराव्या शतकापासूनची, म्हणजे डच देश जन्मायच्या आधीची. यांची निवडणूक वेगळी, टॅक्स वेगळा, बांध कोण दुरुस्त करणार, चरात पाणी किती ठेवायचं, सगळं हेच ठरवतात.

आता लगेच 'आपल्याकडं कुठलं असलं' म्हणू नका. मोसम नदीवर बागलाणात फड पद्धत तीनशे वर्षं तरी चालत आलीय. बंधारा, पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी सोडायला गावानं नेमलेले पाटकरी, राखणीला जागल्या. कोणी पाणी चोरलं तर पंच बघून घ्यायचे. आणि अलीकडचं बघायचं तर दिंडोरीतलं वाघाड धरण, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रातर्फे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या, शेपटाकडच्या शेतकऱ्यालाही मोजून पाणी मिळायला लागलं. तिकडं सातशे-आठशे वर्षं ही मंडळं टिकली, इकडं मधल्या काळात सरकारी खात्यानं सगळं ताब्यात घेतलं. फरक असला तर तिथं आहे.

(दृश्य: विंचूरजवळची कांदा चाळ, आतून)

आता मुद्द्यावर येतो. ही चाळ. खाली विटांचे खांब, त्यावर बांबूची जमीन, बाजूला फटी ठेवून मारलेल्या पट्ट्या, वर सिमेंटचा पत्रा. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलला निघतो, पात वाळवून कापतात, मान किती ठेवायची हा अंदाज हातातच असतो, जास्त कापली तर सडतो, कमी कापली तर कोंब येतो. मग चाळीत भरायचा आणि वाऱ्याच्या भरवशावर सोडायचा. मेपर्यंत ठीक असतं. जूनला ढग आले, हवेत ओल आली की सुरू. काळी बुरशी, सड, कोंब, वजनात घट. चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के माल गेला तर इथं कोणी दचकत नाही. या आजी बघा, चाळीच्या कडेनं चालतायत आणि प्रत्येक फटीला नाक लावतायत. थर्मामीटर नाही, सेन्सर नाही. जिथं वास आला तिथली पट्टी काढून आत हात घालायचा.

(दृश्य: फ्लेवोलँड, मोठं शेड, आत कांद्याचा डोंगर)

आणि हे त्यांचं शेड. जिन्यावरून शूट केलंय म्हणून उंची कळतेय, तीन-चार मीटरचा कांद्याचा ढीग, पोतं नाही, क्रेट नाही, नुसता ढीग. कांदा ऑगस्ट-सप्टेंबरला येतो तेव्हा ओला असतो, कारण तिकडं पाऊस कधीही येतो. म्हणून आधी जमिनीखालच्या बोगद्यांमधून गरम हवा मारतात, पंचवीस-तीस डिग्री, वरचं साल खडखडीत वाळेपर्यंत आणि मान बंद होईपर्यंत. मग हळूहळू थंड करत आणतात, काही ठिकाणी पार शून्याच्या जवळ. ढिगात खोचलेल्या काठ्या दिसतायत ना, त्यात सेन्सर आहेत, आकडे शेतकऱ्याच्या मोबाईलवर. रात्री बाहेरची हवा गार झाली की खिडक्या आपोआप उघडतात.

हा शॉट ऑक्टोबरचा आहे. आणि हा त्याच शेडचा, मे महिन्यातला. तोच कांदा. साल तेवढं थोडं फिकं पडलंय.

म्हणजे तो थांबू शकतो. भाव नाही? ठीक आहे, दार लावा, पुढच्या महिन्यात बघू. आपल्या आजी थांबू शकत नाहीत, कारण चाळ थांबत नाही. दोन देशांमधलं अंतर किती असं कोणी विचारलं की लोक दरडोई उत्पन्न सांगतात, त्यांचं आपल्या वीस-पंचवीसपट आहे. मी हे शेड दाखवतो.

त्यांची हेक्टरी सरासरी पन्नास टनांच्या आसपास, आपली देशाची सतरा-अठरा. उन्हाळ्यात तिकडं रात्री दहापर्यंत उजेड असतो, कांद्याला तो मानवतो, आणि पीक वर्षातून एकच. आपण लाल, रांगडा, उन्हाळ असे तीन हंगाम ओढतो. सरासरी शेत त्यांचं ३० हेक्टरच्या पुढं, आपलं २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.०८ हेक्टर. त्यात दोन भाऊ आणि बांधावरून भांडण.

(दृश्य: लागवड, वाफ्यात ओळीनं बसलेल्या बाया)

कांदा लागवड हातानं होते. पेठ-सुरगाण्याहून आलेल्या या बाया, घोट्यापर्यंत गार पाण्यात, अंगठ्यानं रोप दाबत मागं सरकतात. हा शॉट लांब ठेवलाय, बघा.

तिकडं पेरणी मशीननं, काढणी मशीननं. पॅकिंगला पोलंड-रोमानियाची माणसं असतात म्हणे, आत मोबाईल न्यायला मनाई होती, त्यामुळं ते आपल्याकडं नाही.

(दृश्य: बंद मार्केट, रिकामं आवार)

आता हे आवार रिकामं का, तर डिसेंबर २०२३. ऑगस्टमध्ये सरकारनं कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. दिल्लीत कांदा महागला की सरकारांना १९९८ आठवतं, तिथली सत्ता कांद्यानं घालवली होती. बंदी उठली ४ मे २०२४ ला, पण टनाला ५५० डॉलर किमान भाव आणि ४० टक्के शुल्क तसंच. सप्टेंबरला ते २० झालं, आणि १ एप्रिल २०२५ ला शून्य. तोवर श्रीलंका-मलेशियाचं गिऱ्हाईक पाकिस्तान-चीनकडं गेलं. कोणाचं सोसायटीचं कर्ज थकलं, कोणाचं लग्न पुढं गेलं, ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

डच शेतकरी आपला कांदा जवळपास सगळाच बाहेर विकतो, शंभरावर देशांना, आफ्रिकेत सेनेगल, आयव्हरी कोस्टला सुद्धा. बंदीची सकाळ त्याला माहीत नाही. त्याचं दुखणं वेगळं, जमीन हेक्टरला ८० हजार युरोच्या पुढं, आणि नायट्रोजनच्या प्रदूषणाचे नियम. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हेगच्या रस्त्यांवर त्यांचे ट्रॅक्टर उतरले, हे बघा. आणि हे आपले, मार्च २०१८, नाशिकहून मुंबईला पायी निघालेला मोर्चा, १८० किलोमीटर. त्यांच्याकडं ट्रॅक्टर होते, आपल्याकडं चपला.

(दृश्य: हेरिंगची टपरी)

हे जरा हलकं. डच माणूस दुपारी थंड ब्रेड-चीज खातो आणि संध्याकाळी सहाला जेवून मोकळा होतो, आपला मित्र अजून त्याच्यावर रडतो. पण ही टपरी बघा, कच्चा हेरिंग मासा, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, शेपटीला धरायचं, मान वर करायची आणि सोडायचं तोंडात. आणि ३ ऑक्टोबरला लायडन शहरात बटाटा-गाजर-कांद्याचा घोटलेला हुत्स्पोत खातात, १५७४ ला स्पॅनिश वेढा उठला त्याची आठवण म्हणून. मित्राला तिथल्या आजोबांनी वाढला, तर याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, फोडणी राहिली.

(दृश्य: विंचूर, संध्याकाळ, पाऊस)

परत चाळीवर. जुलैचा दुसरा आठवडा. आजींच्या मुलानं कांदा बुक्कीनं फोडून भाकरीवर ठेवलाय, जेवता जेवता फोनवर उद्याचा पाऊस बघतोय. डाव्या कोपऱ्यातून वास यायला लागलाय म्हणून चाळ आजच फोडायचं ठरलं. चांगला एकीकडं, गोल्टी म्हणजे बारीक कांदा एकीकडं, खाद म्हणजे खराब माल वेगळा. लाईट गेलीय, मोबाईलच्या टॉर्चवर निवड चालू आहे, त्यामुळं चित्र थोडं अंधारं आहे.

ट्रॉली भरून झाली पावणेतीनला. लासलगावच्या लायनीत नंबर लागला चौऱ्याऐंशीवा.

(दृश्य: व्यापाऱ्याचा हात ढिगात. नंतर हिशोब पट्टीचा क्लोजअप. निवेदन नाही.)